पणतीच्या उजेडात छोट्या कॅमेऱ्याने फोटो काढताना

कॅनन इक्सस, निकॉन कूलपिक्स, सोनी सायबर-शॉट असे खिशात मावणारे कॅमेरे सध्या पुन्हा कपाटातून बाहेर येत आहेत. दिवसा ते छान फोटो देतात. दिवाळीच्या संध्याकाळी मात्र ऑटोवर ठेवून बटण दाबलं की फ्लॅश उडतो, पणत्यांचा उजेड पुसला जातो, पुढचा चेहरा पांढराफटक आणि मागचं अंगण काळंकुट्ट येतं. फ्लॅश बंद केला तर फोटो हलतो. त्यात कॅमेऱ्याचा दोष नसतो. ऑटो मोड सगळे निर्णय स्वतः घेतो आणि अंधारात त्याचे बरेचसे निर्णय चुकतात. त्यातले चार-पाच निर्णय आपल्या हातात घेतले की याच कॅमेऱ्याने पणती, रांगोळी, आकाशकंदील आणि घरातली माणसं चांगली टिपता येतात.

आधी हे समजून घ्या: झूम केलं की उजेड जातो

साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा सेन्सर (आतला उजेड टिपणारा भाग) ‘१/२.३ इंच’ मापाचा असतो, म्हणजे साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. सोनी आरएक्स१०० किंवा कॅनन जी७ एक्स अशा महागड्या कॉम्पॅक्टचा ‘१ इंच’ सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट असतो. सेन्सर बदलता येत नाही, त्यामुळे ती बाब सोडून देऊ. लेन्स कशी वापरायची हे मात्र आपण ठरवू शकतो आणि सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो.

लेन्सच्या कडेला छापलेले आकडे वाचा. ‘१:३.२-६.९’ असं काहीतरी दिसेल. झूम पूर्ण मागे असताना, म्हणजे सगळ्यात रुंद दृश्य दिसत असताना, लेन्सचं छिद्र एफ/३.२ असतं (हा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं). झूम पूर्ण पुढे नेलं की ते एफ/६.९ होतं. या दोन आकड्यांत उजेडाचा फरक साडेचार पटींहून जास्त आहे. ट्यूब लावलेल्या दिवाणखान्यात आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ८०० वर, झूम न करता, शटर साधारण १/५० सेकंद मिळतं, म्हणजे तेवढा वेळ ते उघडं राहतं. जागेवरून न हलता पूर्ण झूम केलं की तेच शटर १/१० सेकंदावर येतं. त्यातच झूममुळे हाताचं कंपन फोटोत कितीतरी पट मोठं दिसतं. असा फोटो हलणार हे बटण दाबण्याआधीच ठरलेलं असतं.

म्हणून पहिला नियम असा, की कमी उजेडात झूमच्या दांड्याला हात लावू नका, दोन पावलं पुढे जा. हा एक नियम पाळलात तरी अर्धे फोटो वाचतील. मात्र रुंद लेन्सने चेहऱ्याच्या फार जवळ गेलात तर नाक मोठं दिसतं, म्हणून माणसापासून किमान एक-सव्वा मीटर अंतर ठेवा. डिजिटल झूम मेन्यूत जाऊन कायमचा बंद करा. तो फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करतो, एवढंच. ते काम नंतर संगणकावरही करता येतं.

दिवे लागायच्या आधी

पुढची तयारी दुपारीच करून ठेवा. अंधारात मेन्यू शोधत बसलात तर तेवढ्यात पणत्या विझतात.

१. लेन्स पुसा. हे वगळू नका. पणत्यांत तेल घातलेल्या हातांनी कॅमेरा उचलला की बोटाचा ठसा हमखास काचेवर उमटतो आणि मग प्रत्येक ज्योतीभोवती धुरकट वलय किंवा लांब रेघ येते. चष्म्याच्या मऊ कापडाने, काचेवर हलकी वाफ सोडून, मधून कडेकडे गोल पुसा. पदर किंवा शर्टाचं टोक वापरू नका. त्यात अडकलेले धुळीचे कण काचेवर ओरखडे पाडतात.

२. मोड ‘ऑटो’वरून काढून ‘पी’वर ठेवा. काही मॉडेलमध्ये याला ‘प्रोग्रॅम ऑटो’ म्हणतात. यात शटर आणि छिद्र कॅमेराच ठरवतो, पण आयएसओ, फ्लॅश, रंगांचा समतोल (व्हाइट बॅलन्स) आणि फोटो किती उजळ हवा हे आपण ठरवतो. नवख्या माणसाला एवढं पुरतं.

३. फ्लॅश बंद करा. विजेच्या चिन्हावर काट असलेला पर्याय निवडा.

४. आयएसओ ठरवा. आयएसओ दुप्पट केला की शटरचा वेळ निम्मा होतो, पण चित्रात दाणे वाढतात. २०१० च्या आधीच्या जुन्या कॅमेऱ्यावर ४०० च्या पुढे जाऊ नका. नंतरच्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ८०० चालतो आणि अगदीच नाइलाज झाला तर १६००. १ इंची सेन्सरवर १६०० बिनधास्त वापरा, ३२०० ही चालून जातो. थोडे दाणे आलेला फोटो मोबाइलवर पाहताना खटकत नाही, हललेला फोटो मात्र कुठेच चालत नाही. दोन्हीतलं एकच मिळणार असेल तर दाणे पत्करा.

५. स्क्रीनची चमक मधल्या पायरीवर आणा. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना स्क्रीन भगभगीत दिसते, फोटो भरपूर उजळ आल्यासारखा वाटतो आणि सकाळी बघावं तर सगळे काळे. फोटो पाहताना ‘डिस्प’ बटण दाबलं की बहुतेक कॅमेऱ्यांवर उजेडाचा आलेख (डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड) आणि शटरचा आकडा दिसतो. डोळ्यांपेक्षा त्या आलेखावर विश्वास ठेवा.

बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या आणि कार्डात जागा करून ठेवा.

हात, भिंत आणि तांदळाची पिशवी

कॅमेरा एका हातात धरून, हात लांब करून फोटो काढायची सवय मोबाइलमुळे लागलेली असते. अंधारात ती सोडा. दोन्ही कोपर बरगड्यांना टेकवा, कॅमेरा दोन्ही हातांनी धरा, खांदा भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला लावा. कॅमेऱ्याला गळ्यात अडकवायचा पट्टा असेल तर तो मानेमागून घेऊन कॅमेरा पुढे ताणा. पट्टा ताठ झाला की कंपन बरंच कमी होतं. श्वास अर्धा सोडून थांबा आणि बटण हळूच दाबा. झटका दिला की कॅमेरा खाली जातो आणि सगळ्या ज्योती उभ्या रेषेत दोन-दोन दिसतात.

असं धरलेल्या कॅमेऱ्याने, झूम न करता, १/३० सेकंदापर्यंत फोटो सहसा स्थिर येतो. कॅमेऱ्यात कंपनरोधक यंत्रणा असेल तर १/१० पर्यंतही जमतं. ही यंत्रणा फक्त आपला हात सावरते, समोर धावणारं पोर तिला सावरता येत नाही.

त्याहून कमी शटरला कॅमेरा कशावर तरी टेकवाच. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याला मोठा ट्रायपॉड लागत नाही. किलोभर तांदूळ कापडी पिशवीत सैल भरा, तोंड बांधा आणि ती पिशवी टीपॉयवर, पायरीवर किंवा कठड्यावर ठेवून तिच्यात कॅमेरा दाबून बसवा. हव्या त्या कोनात तो घट्ट बसतो. ट्रायपॉड असेलच तर कॅमेऱ्याच्या तळाला पाव इंची आट्यांचं भोक असतं, त्यात तो बसतो. ट्रायपॉडवर कंपनरोधक यंत्रणा बंद ठेवा.

टेकवलेला कॅमेराही बटण दाबताना हलतो. त्यासाठी दोन सेकंदांचा टायमर लावा. बटण दाबा, हात काढून घ्या, दोन सेकंदांनी फोटो निघेल. एक सेकंदाहून लांब फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ ‘प्रक्रिया’ दाखवत थांबू शकतो. त्या वेळात तो शटर मिटून आणखी एक कोरा फोटो घेतो आणि त्यावरून दाणे वजा करतो. बिघाड समजून कॅमेरा बंद करू नका.

हातातच धरायचा असेल तर सलग फोटोंचा पर्याय लावून तीन-चार फोटो एका दमात घ्या. पहिला बटण दाबण्याने हलतो, शेवटचा बोट उचलण्याने, मधला बहुधा वाचतो. काही कॅमेऱ्यांत हातात धरून रात्रीचे फोटो काढण्याचा वेगळा मोड असतो. तो पटापट काही फोटो घेऊन त्यांचा एक करतो. समोरचं काही हलत नसेल तर हा मोड खरोखर चांगला आहे, जरूर वापरा.

फोकस लागत नाही तेव्हा

अशा बहुतेक कॅमेऱ्यांचं फोकस उजेड-सावलीची ठळक कड शोधतं. कडच दिसली नाही तर लेन्स पुढे-मागे घरघरत राहते आणि हिरव्याऐवजी पिवळी किंवा लाल चौकट लुकलुकते. तशा स्थितीत बटण पूर्ण दाबू नका.

पणतीचा फोटो घेताना ज्योतीवर फोकस करू नका, ज्योत सारखी हलते. पणतीच्या काठावर, जिथे उजळ माती आणि मागचा अंधार भेटतात, तिथे मधली चौकट न्या. बटण अर्धं दाबा, चौकट हिरवी होईपर्यंत थांबा. बटण तसंच अर्धं दाबलेलं ठेवून चित्राची मांडणी हवी तशी करा आणि मग पूर्ण दाबा. अगदी जवळून घ्यायचं असेल तर फुलाचं चिन्ह असलेला मॅक्रो पर्याय लावा, पण ज्योतीपासून पंधरा-वीस सेंटिमीटर लांब राहा. त्याहून जवळ गेलात तर कॅमेऱ्याची सावली पडते, शिवाय धग लेन्सला चांगली नाही.

अंधारात कॅमेऱ्यातून नारिंगी दिवा लागतो तो फोकसला मदत म्हणून. घरात तो उपयोगी आहे. देवळात आरती चालू असताना किंवा नाट्यगृहात तो आणि बटणाचा ‘बीप’ दोन्ही बंद करा, लोकांच्या डोळ्यांत आणि कानांत जातात.

छोट्या सेन्सरचा एक मोठा फायदा इथे होतो. फोकसच्या मेन्यूत डोंगराचं चिन्ह असेल तर ते निवडा. कॅमेरा दूरवर फोकस बांधून ठेवतो आणि झूम न करता साध्या कॉम्पॅक्टवर दीड-दोन मीटरच्या पलीकडचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. १ इंची सेन्सरला मात्र हे अंतर चार मीटरच्या आसपास जातं. घाटावरचे दिवे, सोसायटीचं अंगण, रस्त्यावरची रोषणाई यांच्यासाठी याहून सोपा उपाय नाही. फोकस शोधण्यात वेळच जात नाही.

ज्योत सोनेरी राहावी म्हणून

कॅमेरा समोरच्या दृश्याची सरासरी काढून ते मध्यम करडं करायला बघतो. काळ्या अंगणात चार पणत्या असतील तर तो काळोखालाच करडं करतो आणि ज्योती पांढऱ्या ठिपक्यांसारख्या उडून जातात. उपाय एका बटणावर असतो. अधिक-वजा चिन्हाचं बटण दाबून माप उणे १ वर न्या. अंधार अंधारासारखा राहील, ज्योतीचा आकार दिसेल, शिवाय शटरही दुप्पट वेगाचं होईल, १/१५ चं १/३०. एका दगडात दोन पक्षी. फोटो अजूनही उजळ वाटला तर उणे १.३ करून पाहा.

रंगांचं तापमान हा दुसरा भाग. ते केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड नारिंगी. पणतीचा उजेड १,९०० केल्विनच्या आसपास, पिवळ्या बल्बचा २,७०० ते ३,०००, आणि पांढऱ्या ट्यूबचा ६,५०० पर्यंत असतो. पणत्यांच्या ओळीत मागून ट्यूबचा उजेड येत असेल तर चेहऱ्याची एक बाजू निळसर आणि दुसरी नारिंगी येते. कुठल्याही सेटिंगने दोन्ही बाजू एकदम सुधारत नाहीत. ट्यूब बंद करा आणि उजेड कमी पडला तर त्याऐवजी पिवळा बल्ब लावा. मग रंगांचा समतोल ऑटोवरून ‘बल्ब’च्या चिन्हावर आणा. चेहऱ्याचा रंग नैसर्गिक येतो आणि ज्योतीत थोडा सोनेरीपणाही उरतो. ‘सूर्य’ चिन्हावर सगळं गडद नारिंगी होतं. नुसत्या पणत्यांच्या चित्राला ते शोभतं, माणसांच्या चेहऱ्याला शोभत नाही.

माणसांचे फोटो

स्थिर उभ्या माणसाला १/६० सेकंद शटर हवं, बोलणाऱ्या-चालणाऱ्याला १/१२५, नाचणाऱ्या मुलांना १/२५० किंवा त्याहून जास्त. शेवटच्या दोन गोष्टी पणतीच्या उजेडात छोट्या कॅमेऱ्याला झेपत नाहीत. म्हणून माणसाला थांबवा आणि उजेड त्याच्याजवळ आणा.

अंतर निम्मं केलं की छोट्या दिव्याचा उजेड चौपट होतो, हे इथे कामी येतं. ताटात पाच-सहा पणत्या एकत्र लावा आणि ते ताट छातीच्या उंचीवर, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर धरायला सांगा. एकच पणती दूर जमिनीवर असेल तर हनुवटीखालून भेसूर सावल्या पडतात. ताट वर घेतलं की त्या मऊ होतात. ओढणी, पदर आणि मोकळे केस ज्योतीपासून लांब राहतील याकडे आधी लक्ष द्या, फोटोचं नंतर बघा. माणसाला हलू नका म्हणण्यापेक्षा “ज्योतीकडे बघत राहा” असं सांगितलं तर ते आपोआप स्थिर राहतं.

आजी-आजोबा, चार नातेवाईक आणि मागे आकाशकंदील असा फोटो हवा असेल तर मात्र फ्लॅश लागतो, पण ऑटोचा नव्हे. फ्लॅशच्या मेन्यूत ‘स्लो’ असं लिहिलेला पर्याय असतो. काही कॅमेऱ्यांत माणूस आणि चांदणीच्या चिन्हाचा मोड हेच काम करतो. यात फ्लॅश चेहरे उजळतो आणि शटर थोडा वेळ उघडं राहून मागचा कंदील टिपतं. शटर १/१५ च्या आसपास येतं, म्हणून कॅमेरा टेकवा आणि फ्लॅश चमकल्यावरही क्षणभर हलू नका असं सगळ्यांना आधीच सांगा.

कॉम्पॅक्टच्या फ्लॅशची पोच फार तर तीन-चार मीटर. त्यापलीकडची माणसं काळीच येणार. एकाच ओळीत, कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर उभं केलं नाही तर पुढचा पांढरा आणि मागचा सावळा दिसतो. फ्लॅश जास्त वाटला तर त्यावर पांढऱ्या टिश्यूचा एक पदर बोटाने धरा, प्रखरता कमी होते. फटाक्यांचा धूर असताना फ्लॅश टाळा. धुराचे कण लेन्सजवळच उजळतात आणि फोटोभर पांढरे गोल ठिपके येतात.

बाहेर: कंदील, फुलबाजी, घाट

आकाशकंदिलाचा फोटो पूर्ण रात्र होण्याआधी घ्या. दिवाळीच्या सुमारास पुण्या-मुंबईकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो. सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान आभाळ गडद निळं असतं आणि कंदिलाचा उजेड त्याच्या जोडीचा होतो. तेव्हा दोन्ही एका फोटोत येतात. सात वाजले की आभाळ काळं आणि कंदील नुसता चमकता गोळा. ही पंधरा-वीस मिनिटं फार मोलाची आहेत. बाकी सगळी कामं बाजूला ठेवून तेव्हा अंगणात असा.

फुलबाजीने हवेत काढलेली रेघ टिपायची असेल तर शटर स्वतः ठरवता येणारा मोड लागतो, किंवा कॅमेऱ्यात ‘लाँग शटर’ असेल तर तो. आयएसओ १००, शटर २ सेकंद, कॅमेरा पक्का टेकवलेला, मुलापासून दोन मीटरवर. असा कुठलाच मोड नसेल तर ‘फटाके’ नावाचा मोड असतो, तो साधारण हेच करतो. मुलाने अंगाभोवती मोठं वर्तुळ काढावं. कॅमेऱ्याच्या दिशेने फुलबाजी झोकली की ठिणग्यांचा पांढरा डाग पडतो. चेहराही हवा असेल तर स्लो फ्लॅश लावा. आकाशातल्या फटाक्यांना हेच आकडे चालतात, फोकस डोंगराच्या चिन्हावर.

त्रिपुरी पौर्णिमेला कोल्हापूरच्या पंचगंगा घाटासारख्या ठिकाणी हजारो दिवे लागतात, तेव्हाही पद्धत तीच. आयएसओ ४००, झूम नाही, कठड्यावर तांदळाची पिशवी, दोन सेकंदांचा टायमर, उणे ०.७. गर्दीत ट्रायपॉडचे पाय लोकांच्या पायांत येतात, पिशवी येत नाही. पाण्याच्या अगदी काठाशी बसलात तर प्रतिबिंब लांब मिळतं.

पट्टे, रेषा आणि व्हिडिओ

एलईडी माळांच्या फोटोत आडवे काळे पट्टे आले तर कारण आपल्या विजेत आहे. भारतात वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे बहुधा जातात. शटर निवडता येत नसेल तर आयएसओ कमी करा, म्हणजे शटर आपोआप मंद होईल. व्हिडिओत असेच पट्टे वर-खाली सरकताना दिसले तर मेन्यूत व्हिडिओची पद्धत ‘एनटीएससी’ऐवजी ‘पाल’ निवडा. परदेशातून आणलेल्या कॅमेऱ्यांवर हे हमखास बदलावं लागतं.

फोटो बिघडला तर तिथल्या तिथे ओळखा

फोटो काढल्यावर स्क्रीनवर मोठा करून पाहा. सगळंच चित्र एका दिशेने ओढल्यासारखं असेल, ज्योतीही रेघ झाल्या असतील, तर हात हलला. कॅमेरा टेकवा. मागची भिंत स्वच्छ आणि माणूसच ओढल्यासारखं असेल तर माणूस हललं, तेव्हा आयएसओ एक पायरी वाढवा किंवा उजेड जवळ आणा. माणूस ओढल्यासारखं नाही, नुसतं पुसट आहे आणि त्याच्या मागचं तोरण धारदार असेल तर फोकस चुकलं, चेहऱ्याच्या कडेवर पुन्हा अर्धं बटण दाबा. काहीच धारदार नसेल आणि सगळीकडे धुरकट पांढुरकं पटल असेल, तर लेन्सवर तेलाचा हात लागला आहे. कापड काढा आणि पुसून पुन्हा घ्या.